कुंपणाच्या कामावर भेटलेली माणसं

कुंपण घालायचं काम असं आहे की दिवसभर दुसऱ्याच्या अंगणात उभं राहावं लागतं. पहिला चहा होईपर्यंत घरातले लोक जपून बोलतात. नंतर आपण तिथं आहोत हेच विसरून जातात आणि घरात जे चाललेलं असतं ते चालूच राहतं. आमच्याकडं किस्से साठतात ते त्यामुळं.

आम्ही तिघं. मी माप घेते आणि गिऱ्हाइकाशी बोलते. माझा थोरला भाऊ, ज्याला मीच काय, अर्धी निपाणी अण्णा म्हणते, तो माती बघून खांब आणि जाळी ठरवतो. मल्लप्पा खड्डे खणतो, खांब उभे करतो आणि कन्नडमध्ये गाणी गुणगुणतो.

*

निपाणीबाहेर नवीन प्लॉट पडलेत. तिथं बँकेतून रिटायर झालेल्या एका साहेबांनी बंगला बांधला आणि ऐन उन्हाळ्यात कुणाकडून तरी कुंपण घालून घेतलं. लोखंडी खांब, बुडाला काँक्रीट, सगळं ओळंब्यात. पाऊस लागला तसे खांब एकेक करून रस्त्याकडं झुकायला लागले.

साहेबांचा संशय शेजारच्या म्हशीवर. ती येऊन अंग घासते म्हणून खांब वाकतात, असं त्यांचं म्हणणं. शेजारी म्हणाला, माझी म्हैस दाव्याला असते. बोलणं वाढलं, आणि साहेबांनी थेट म्हशीच्या गोठ्याकडं तोंड करून कॅमेरा बसवला. मोबाईलवर बघत बसायचे. म्हैस काही उठेना आणि खांब वाकायचे थांबेनात.

शेवटी आम्हाला बोलावलं. अण्णानं त्यांना समजावलं की ही काळी माती. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि वरवर गाडलेलं काहीही ढकलून देते. आम्ही खालचा मुरूम लागेपर्यंत खड्डे नेले, भोवती मुरूम ठासला, खांब उभे राहिले.

कॅमेरा काढायचा राहून गेला. एका दुपारी साहेबांना त्यात दिसलं की म्हैस उठबस करतेय, बेचैन आहे. शेजारी शेतात गेलेला. साहेब चप्पल न घालता त्याला बोलवायला धावले. संध्याकाळपर्यंत म्हैस सुखरूप व्याली.

आम्ही नंतर एकदा त्यांच्याकडं गेलो, तर साहेब व्हरांड्यात बसून खरवस खात होते. मला म्हणाले, "म्हशीची काही चूक नव्हती हो."

*

खानापूरकडं वेगळीच तऱ्हा. तिथल्या पावसात लोखंड गंजून जातं आणि लाकडाला वाळवी लागते. रानाच्या कडेला राहणाऱ्या विमलवहिनी आणि त्यांच्या मालकांना परसातल्या भाजीसाठी कुंपण पाहिजे होतं. सिमेंटचे खांब पावसाळ्यानंतरच घालू, असं ठरलं. तोवर कामचलाऊ म्हणून मालकांनी स्वतः रानातनं हिरवे सोट तोडून आणले, आम्ही ते रोवले आणि तार ओढून दिली.

दिवाळीच्या आसपास विमलवहिनींचा फोन आला. आवाज जरा काळजीचा.

"ताई, तुमचं कुंपण उंच व्हायलंय."

मला वाटलं रेंजमुळं नीट ऐकू आलं नाही. जाऊन बघितलं तर खरंच होतं. मालकांनी आणलेले सोट पांगाऱ्याचे होते. पाऊस पिऊन सगळ्यांना मुळं फुटली, डोक्यावर ही एवढाली पानं. आमची तार झाडांच्या अंगात रुतत चाललेली.

मल्लप्पानं तार सैल करून दिली. सिमेंटचे खांब कधी आणू, असं अण्णानं विचारलं. विमलवहिनी म्हणाल्या की शेळ्या त्या पानांवर लई खूश आहेत, तेव्हा खांब राहू देत. मग माझ्याकडं वळून विचारलं, "तुमी न वाकायची गॅरंटी दिलती. न वाढायची कुणाकडं मागायची?"

*

बेळगावात कॅम्पजवळ एक सुभेदार राहतात, फौजेतनं रिटायर झालेले. त्यांच्या अंगणाला उतार, तांबडी माती पावसात वाहून जाणारी. पायाला दगड लावून पायरी-पायरीनं जाळी घेऊ, असं अण्णानं सुचवलं, आणि ते त्यांना एकदम पसंत पडलं. फक्त अट एकच, रांग सरळ पाहिजे.

मग दोन दिवस ते कोपऱ्यावर उभे राहून एक डोळा मिटून बघत होते. तिसरा खांब बोटभर उजवीकडं. सातवा जरासा मागं. मल्लप्पा न कुरकुरता सरकवत होता, फक्त गाणं बंद पडलेलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा खांब झाला. त्यांच्या मिसेस चहाचा ट्रे घेऊन त्या टोकाला येऊन उभ्या राहिल्या. सुभेदारांनी परत डोळा मिटला, सगळ्या रांगेवरनं नजर नेली आणि म्हणाले, "लीला, जरा डावीकडं."

लीलाताई ट्रेसकट डावीकडं सरकल्या. आम्हाला कप देताना हळूच म्हणाल्या, "लग्न झाल्यापासनं मी सरकायलीय. खांबांचं कालच सुरू झालं."

*

निपाणीजवळच्या नेमगोंडा आप्पांकडं आम्ही काटेरी तारेचं बंडल घेऊनच गेलो होतो, कारण त्यांच्या मुलानं फोनवर तसंच सांगितलं होतं. आप्पा जुन्या वळणाचे जैन शेतकरी. त्यांनी तारेला बोट लावलं, बोटाकडं बघितलं आणि बंडल परत गाडीत ठेवायला सांगितलं. घराभोवती टोचणारं काही नको. रात्रीअपरात्री एखादं मुकं जनावर अडकलं तर?

बरं, साधी जाळी घालू. जाळी ताणायला घेतली तर आप्पा काठी टेकत आले आणि एका कोपऱ्यात खाली वीतभर जागा सोडायला लावली. मांजर गाभण आहे आणि तिची ती वाट आहे, असं कारण सांगितलं. त्यांचा मुलगा डोक्याला हात लावून आत निघून गेला.

पुढं काही महिन्यांनी त्या रस्त्यानं जाताना आम्ही डोकावलो. मांजरीनं पिल्लं घातली होती. तिच्यामागनं त्याच फटीतनं गल्लीतली तीन कुत्रीही आत आली होती आणि ती पायरीवर एका रांगेत झोपली होती. आप्पा खुर्चीवर बसून पेपर वाचत होते.

अण्णाला राहवलं नाही. "आप्पा, मग कुंपण घातलंसा कशाला?"

आप्पांनी चष्म्यावरनं आधी कुत्र्यांकडं, मग जाळीकडं बघितलं.

"घर शोभतंय की ओ."

*

बेळगावातच शहापूरच्या गल्लीत एका बाईंचं घर आहे, सुमनआक्का म्हणतात त्यांना. घरात माग, स्वतः साड्या विणतात. मुलीचा साखरपुडा तोंडावर आलेला आणि घरापुढच्या चार हात जागेला लोखंडी रेलिंग पाहिजे होतं. माती-पावसाचा काही प्रश्नच नव्हता, सगळीकडं फरशी. प्रश्न होता रंगाचा.

आक्कांना साडीच्या काठाचा जांभळा पाहिजे होता. मी शेडकार्ड दाखवलं. त्यातला एक फिका निघाला, दुसरा म्हणे वांग्याचा. शेवटी त्यांनी साडीचा तुकडाच अण्णाच्या हातात दिला. अण्णा, ज्यानं आजवर काळा आणि हिरवा सोडून तिसरा रंग कुठं लावला नव्हता, तो तुकडा घेऊन रंगाची दुकानं फिरला. कुठंही मिळेना. मग गल्लीतलेच सूत रंगवणारे एक काका दुकानात येऊन उभे राहिले आणि त्यांनी थोडा हा, थोडा तो असं मिसळून बरोबर रंग काढला.

रेलिंगला रंग बसला. आक्कांनी तुकडा शेजारी धरून बघितला, मुलीला बोलावलं, समोरच्या घरातल्या बायकांना बोलावलं. सगळ्या म्हणाल्या, एकदम काठ दिसतोय. अण्णा खूश होऊन ब्रश धुवायला लागला.

आक्का रेलिंगच्या टोकाशी, आमच्या साध्या गेटपाशी थांबल्या. बराच वेळ बघून विचारलं, "काठ झाला. पदर कुठाय?"

साखरपुड्यादिवशी पाहुणे ज्या गेटमधनं आत आले, त्याच्यावर मल्लप्पानं सळई वाकवून केलेल्या सोनेरी कुयऱ्या होत्या.

*

बेळगावच्या पलीकडं एका गावात शंकर आणि मारुती असे दोघं भाऊ. वाटणी झाली, घराच्या मधनं भिंत आली, आणि अंगणाच्या मधनं कुंपण घालायचं ठरलं. दोघांनी मला वेगवेगळे फोन केले. दोघांचं बोलणं बंद होतं, पण मागणी शब्दाला शब्द एकच होती. सहा फूट पाहिजे, पलीकडचं तोंड दिसता कामा नये.

तिथं सगळा जांभा दगड. लोखंड टिकणार नाही म्हणून अण्णानं सिमेंटचे खांब ओतून घेतले. मल्लप्पानं बुडापुरते खड्डे खणून ठेवले, दोन टोकांना खांब उभे केले आणि वर सहा फुटांवर दोरी ताणली. शंकर एका टोकाला उभा, मारुती दुसऱ्या. मधे अण्णा. "त्येला सांगा, दोरी माझ्याकडं सरकलीया." "त्येला सांगा, बरोबर हाय." अण्णा मान इकडं तिकडं फिरवून दमला.

तेवढ्यात शंकरची बायको कमळाक्का स्वयंपाकघरातनं बाहेर आल्या. हातात झाकलेली ताटली. दोरीपाशी येऊन त्यांनी पलीकडं हाक मारली.

"रेखा, भाईर ये जरा."

मारुतीची बायको रेखा पिठाच्या हातानंच आली. उंचीनं लहानखुरी. कमळाक्कांनी हात उंच करून ताटली दोरीवरनं पलीकडं धरली. रेखानं टाचा उचलल्या, बोटं ताणली. पोचली नाहीत.

"दोरी खाली घे," कमळाक्का मल्लप्पाला म्हणाल्या.

त्यानं अण्णाकडं बघितलं. अण्णा जमिनीकडं बघत होता. मल्लप्पानं दोरी खाली घेतली. ताटली परत वर गेली. रेखाची बोटं कडेला लागली, पण धरता येईना.

"आनि खाली."

तिसऱ्या वेळी रेखानं टाचा न उचलता, कोपर न ताणता, दोन्ही हातांनी ताटली घेतली.

"हितं खूण कर," कमळाक्का म्हणाल्या.

शंकरनं घसा साफ केला. सहा फूट ठरलं होतं, खांबसुद्धा तेवढे ओतून आलेत, आता काय करायचं, असं काहीतरी तो अण्णाला उद्देशून पुटपुटला. ते खरंही होतं. सिमेंटचा खांब मधनं तोडता येत नाही. मीही तेच सांगायला तोंड उघडलं होतं.

कमळाक्का आत जायला वळल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, "उरलेलं खाली गाडा."

जांभ्यात तेवढं खोल जायचं म्हणजे चेष्टा नाही. मल्लप्पानं पहिल्या खड्ड्यात पहार मारली, ती ठणकून वर आली. त्यानं परत मारली. आम्ही सगळे बघत उभे होतो. मग मारुती गोठ्यात गेला आणि पहार घेऊन आला. थोड्या वेळानं शंकरही सदरा काढून आला.

आम्ही जेवायला बसलो तेव्हा दोघं भाऊ दोन टोकांनी खड्डे खोल करत मधल्या खड्ड्याकडं येत होते.