पाण्याचा ग्लास आणि आमचा प्रायोजक

माझी आई शेंद्र्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून पॅकिंगला जाते. सकाळी निघताना ती चहा घेते, पण पाणी पीत नाही. बायकांची मुतारी लांब, पलीकडच्या शेडला. जायचं तर सुपरवायझरला विचारावं लागतं आणि तो सगळ्यांदेखत घड्याळ बघतो. त्यापेक्षा तहान बरी, असं तिथल्या बहुतेक बायकांचं ठरलेलं. मग लघवीला जळजळ, ताप, मेडिकलवरून आणलेल्या गोळ्या.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदवीच्या, शेवटच्या वर्षी मार्गदर्शक मॅडमनी संशोधनाचा विषय विचारला, तेव्हा मी हे चाचरतच सांगितलं. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "हाच घे," म्हणाल्या.

पण बायकांची तपासणी करायची म्हणजे तो आरोग्याचा अभ्यास झाला. कुठल्या तरी संस्थेनं तो आपला म्हणून पत्करल्याशिवाय अशा अभ्यासाला परवानगी देणारी एथिक्स कमिटी त्याला हात लावत नाही. आमच्या कॉलेजला तशी सोय नव्हती. मला वाटलं, गणपतीला वर्गणी मागतात तसं हिंडायचं.

"पैसे नंतर बघू," मॅडम म्हणाल्या. "उद्या एखादी बाई म्हणाली, माझी माहिती बाहेर कशी गेली, तर उत्तर द्यायला कोण उभं राहणार? तो प्रायोजक. तो शोधायचाय आपल्याला."

सत्र संपायच्या आत कुणी मिळालं नाही, तर विषय सोडावा लागणार होता.

एका मोठ्या कंपनीच्या समाजकार्य विभागात आम्हाला फार अदबीनं बसवलं. गार पाणी आलं, चहा आला. साहेब म्हणाले, "करू की मॅडम. फक्त निष्कर्ष आधी आम्हाला दाखवा. आणि ते मुतारी वगैरे जरा... महिलांचा आहार असं काही घ्या ना."

माझा जीव त्या होकारात अडकला. मॅडमनी शांतपणे चहा संपवला, "चहा छान होता," म्हणाल्या आणि उठल्या.

बाहेर रिक्षाची वाट बघताना मी भीत भीत म्हटलं, "मॅडम, घ्यायचा का आहार? आलेलं जाईल हातचं."

"तुझी आई जेवत नाही का?"

"जेवते."

"मग?"

मी पुढं होऊन रिक्षाला हात केला.

त्यानंतर बऱ्याच ठिकाणी नकार घेतले. मॅडम स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर सिटी बसनं फिरायच्या. शेवटी हर्सूलच्या बाजूला एका छोट्या धर्मादाय रुग्णालयात गेलो. तिथल्या प्रमुख डॉक्टरबाई वयानं आजीसारख्या, ओपीडी संपवून नुकत्याच बसलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "विषय चांगला आहे. पण आमच्याकडं माणसं कमी. एवढी जबाबदारी झेपायची नाही हो."

मॅडम पिशवी उचलू लागल्या. तेवढ्यात डॉक्टरबाईंचं लक्ष माझ्यासमोरच्या ग्लासकडं गेलं. तो काठोकाठ भरलेलाच होता.

"तू पाणी नाही घेतलंस? सकाळपासून उन्हात फिरताय म्हणे."

"नको. घरी जाऊन पिईन."

"घर कुठं?"

"शेंद्र्याजवळ."

"आणि तोवर?"

खरं ते तोंडातून निघून गेलं. "आईनं लहानपणापासून सांगितलंय, बाहेर निघालं की पाणी प्यायचं नाही. कॉलेजला बाटली नेते, ती तशीच भरलेली परत येते."

मॅडम माझ्याकडं बघतच राहिल्या. आपण विचारायला निघालोय ते आपल्याच अंगात मुरलंय, हे मलाही त्या क्षणापर्यंत दिसलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी नर्सला हाक मारली. "हिला आधी आपलं बाथरूम दाखव. कडी नीट लागते म्हणून सांग." मी परत आले आणि तो ग्लास एका दमात रिकामा केला. तोवर त्या मॅडमना विचारत होत्या, "रिपोर्ट आल्यावर बायकांना समजावून कोण सांगणार?"

"आम्ही सांगू."

"नाही, आमचे डॉक्टर सांगतील. उपचारही इथंच होतील. हे मान्य असेल तर प्रायोजक आम्ही."

माणसं अजूनही तेवढीच होती त्यांच्याकडं. तरी त्या हो म्हणाल्या. मला आजही त्याचं नवल वाटतं.

घरी आई भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं.

"म्हंजे पाणी प्या म्हणून सांगणार व्हय आम्हाला?"

"नाय, का पीत नाय ते विचारणार."

"ते मला ठावं हाय. त्याला एवढं हिंडायला कशाला पायजे?" मग हात थांबवून म्हणाली, "बरं, माझं नाव पहिलं घाल."

घरच्या माणसाला या अभ्यासात घ्यायचं नाही, असं मॅडमनी आधीच बजावलं होतं. मी ते सांगितलं. आईनं तव्यावरची भाकरी जरा जोरातच उलटली.

"लई भारी. मग कुणासाठी हिंडत होतीस?"

मी माठातून तांब्या भरला आणि तिच्यापुढं ठेवला. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, तांब्या उचलला आणि प्यायली.

"आता घरी हाय म्हणून," ती म्हणाली. "उद्याचं उद्या."