नणंदबाईंची तपासणी

माझ्या नणंदबाईंना न घाबरणारा माणूस अख्ख्या रायपुरात मला अजून भेटलेला नाही. दवाखान्यात ताई हेड सिस्टर. पण त्यांचा वॉर्ड घरी, बाजारात, लग्नाकार्यात सगळीकडे त्यांच्यासोबत यायचा. पंगतीत बसलेल्या पाहुण्याची नखं तपासायच्या, नवरदेवाला जीभ दाखवायला लावायच्या. आणि बाई दिसली की विषय ठरलेला: छातीत गाठ आहे का, हे दर महिन्याला आपल्या हातानं पाहायचं. गोल बाजारात भांडी घेताना एकदा स्टीलचा वाडगा पालथा घालून त्यांनी दुकानातल्या बाईला भर गिऱ्हाइकांत शिकवलं. "बोटांच्या टोकानं नाही दीदी, पेरांनी. गोल गोल, काखेपर्यंत. समझी?" ती बिचारी मान डोलावत "हव, हव" करत राहिली आणि आमचे हे, म्हणजे ताईंचे सख्खे भाऊ, रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभे राहिले. मी मान खाली घातली तर माझ्यावर खेकसल्या, "तू काहून लाजून राहिली? गाठ लाजते का?"

अशा ताई एका दुपारी समता कॉलोनीतल्या आमच्या घरी चपलांसकट आत आल्या आणि त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. चेहरा पांढराफटक. अभनपूरहून बसनं येताना पर्सचा पट्टा छातीवर दाबला गेला आणि त्याखाली काहीतरी कडक लागलं, एवढंच त्या बोलल्या. मग पदर बाजूला करून म्हणाल्या, "तू पाह्य. मले हिंमत नाही होऊन राहिली."

त्यांनीच शिकवल्याप्रमाणे मी पेरं फिरवली. काखेजवळ वाटाण्याएवढं काहीतरी बोटाला अडलं. मी पुन्हा तिथंच बोट फिरवलं.

"नाही नं काही?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

"आहे, ताई. मागच्या महिन्यात नव्हतं का?"

"मागच्या महिन्यात पाह्यलं कोणी?" त्या एकदम रडू लागल्या. "कधीच नाही पाह्यलं मी. साऱ्या दुनियेले सांगत फिरली. वॉर्डात रोज पाह्यतो नं आपण पुढं काय होते ते. सापडलं तं काय करू, ह्याच भेवानं हात नाही लावला."

त्यांच्या दवाखान्यात जायला त्या तयार होईनात, म्हणून दुसरीकडे गेलो. सुई घालून तपासणी झाली. निकाल येईपर्यंत त्या कोणाची नखं पाहीनात की कोणावर ओरडेनात. कॅन्सरच निघाला. पसरलेला नव्हता, एवढंच नशीब. ऑपरेशनला नेताना त्यांनी माझं मनगट असं धरलं, की नर्सला बोटं सोडवावी लागली.

आता ताई बऱ्या आहेत. बायकांना अजून शिकवतात, पण आवाज खाली आलाय, आणि आधी सांगतात, "भेव मलेही वाटते." दर महिन्याला त्यांचा फोन येतो, "पाह्यलं का?" मी "हो, काही नाही" म्हणते आणि विचारते, "तुमचं, ताई?" "थांब," म्हणून त्या फोन बाजूला ठेवतात आणि तेव्हा कुठे पाहतात. तेवढा वेळ मी फोन कानाला लावून उभी असते.