खुर्चीत बसून खाली यायचं नाही

"यंदा टेबल धरायला मी नाही," असं मी जानेवारीतल्या एका रविवारी आमच्या बेसमेंटमध्ये चहा पिता पिता जाहीर केलं.

आम्ही डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधली चार कुटुंबं, बहुतेक नागपूर-भंडाऱ्याकडची. रविवारी कुणाच्या तरी घरी बुद्धवंदनेला जमतो, मग नाश्ता, मग गप्पा. फेब्रुवारीतल्या लाँग वीकएंडला सगळे मिळून मिशिगनच्या उत्तर टोकाला स्कीइंगला जातो. तिथल्या लॉजमध्ये जेवणाची मोठी टेबलं असतात आणि सकाळी नऊला धरलं नाही तर दुपारी उभ्याने खावं लागतं. ते टेबल, त्यावरच्या अकरा बॅगा, डबे, थर्मास आणि सगळ्यांचे बूट सांभाळत मी सहा हिवाळे काढले. बाकीचे डोंगरावरून लालबुंद होऊन येणार, मी चहा ओतणार.

"मग सामान कोण बघणार?" रंजनाने विचारलं. रंजना माझी इथली सगळ्यात जुनी मैत्रीण.

"लॉकर असतात."

"लॉकरमध्ये डबे कसे मावतील?"

"डबे गाडीत."

"गाडीत गोठतील ना गं!"

"गोठू दे."

माझा नवरा, प्रशांत, कपात बघत बसला होता. मी असं का म्हणते आहे ते फक्त त्यालाच माहीत होतं.

झालं होतं असं. गेल्या वर्षी सगळ्यांनी आग्रह केला, "एकदा तरी वर चल." लहान मुलांच्या उतारावर दोन तास घसरून माझी हिंमत वाढली होती. चेअरलिफ्टने वर गेले, खाली बघितलं, आणि बाप्पा! जी बर्फात बसले ती उठलेच नाही. प्रशांतने समजावलं, ओढलं, शेवटी हात टेकले. लिफ्टवरच्या माणसाने गुमान लिफ्ट हळू केली आणि खाली जाणाऱ्या रिकाम्या खुर्चीत मला बसवून दिलं.

ज्यांनी चेअरलिफ्ट बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. तारेला टांगलेल्या खुर्च्या गोल फिरत असतात; वर येणारी प्रत्येक खुर्ची खाली जाणाऱ्या खुर्चीच्या समोरून येते. म्हणजे मी एकटी खाली, आणि समोरून चार-चार माणसं भरलेल्या खुर्च्या वर. कुणी हात हलवला, कुणी "यू ओके?" विचारलं. वरातीतल्या नवरदेवासारखी मी सगळ्यांकडे बघून हसत होते. इथपर्यंत ठीक होतं. माझी फजिती मला नवी नाही.

मग एका खुर्चीत मैत्रेयी आली. माझी मुलगी, तेव्हा चौदाची. सोबत लॉजमध्ये ओळख झालेल्या दोन मुली. आमची नजरानजर झाली आणि तिने मान दुसरीकडे वळवली.

त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. तिची चूक आहे असंही मला वाटत नाही, चौदाव्या वर्षी मीही हेच केलं असतं. पण लागलं. वर्षभर लागत राहिलं. तेव्हाच ठरवलं की त्याच डोंगरावर जायचं, त्याच लिफ्टने चढायचं आणि स्वतःच्या पायावर खाली यायचं.

ट्रॉयपासून अर्ध्या तासावर एक छोटी टेकडी आहे, तिथे गुरुवारी संध्याकाळी मोठ्यांसाठी स्कीइंगचा क्लास असतो. ज्यांना माझ्यासारखं उशिरा शिकायचंय त्यांनी यूट्यूबवर वेळ घालवू नका, सरळ क्लास लावा. आणि बुटात मोजे एकच जोडी घाला, लोकरीचे. मी थंडीच्या भीतीने तीन जोड्या घातल्या होत्या. पाय घट्ट आवळले आणि उलट जास्त गारठले. जीन्स नको, भिजते. आणि हेल्मेटच्या आत माकडटोपी घालू नका. हे शेवटचं मैत्रेयीने सांगितलंय, "आई, प्लीज," असं हात जोडून.

शिकवायला लिंडा होती. वय अडुसष्ट, तीस वर्षं शाळेची बस चालवून रिटायर झालेली, आवाज खणखणीत. पहिल्या तीन गुरुवारी तिने एकच गोष्ट घोकून घेतली: पुढे झुक. भीती वाटली की माणूस मागे रेलतो, आणि मागे रेललं की स्की पायाखालून सुसाट पुढे पळतात. नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबायची. वळताना भार बाहेरच्या पायावर. ऐकायला सोपं आहे. उताराकडे तोंड करून उभं राहिलं की शरीर म्हणतं, वेडी झालीस का?

तरी तेही हळूहळू जमलं. खरी अडचण वेगळीच निघाली.

"तू सारखी मागे काय बघतेस?" चौथ्या गुरुवारी लिंडाने विचारलं.

"कुणी येतंय का ते. वाट द्यायला."

"आणि थांबतेस कशाला?"

"आमचे सगळे आले का बघायला."

तिने मला बाजूला घेतलं. "निघायच्या आधी वर बघ, रस्ता मोकळा असला की निघ. एकदा निघालीस की रस्ता तुझा. पुढे जो असतो त्याचा हक्क पहिला. मागून येणाऱ्याने तुला सांभाळायचं. तू त्याला नाही."

मी तिला दोनदा विचारलं, नक्की ना? ते जोरात येत असले तरी? ती म्हणाली, जोरात येत असले तरी.

आता हे मला पचायला किती जड गेलं ते कसं सांगू? कुठल्याही ट्रिपला मुंडकी मोजायचं काम माझं. गाडीत बसताना मोजा, पंपावर मोजा, हॉटेलच्या दारात मोजा. ऑफिसातही मी गाड्यांच्या पार्टची तपासणी करते, म्हणजे दुसऱ्याचं काय राहिलं ते बघणं हाच माझा धंदा. मी लिंडाला म्हटलं, ही सवय जायची नाही.

"मीही मोजायचे," ती म्हणाली. "पन्नास पोरं, दिवसातून दोनदा. पण बसला आरसा होता. तुझ्या हेल्मेटला आहे का?"

आम्ही शनिवारी पहाटे चारला निघालो. शुक्रवारी संध्याकाळी निघू नका, अख्खं डेट्रॉइट आय-सेव्हन्टीफाइव्ह हायवेवर उत्तरेकडे तोंड करून उभं असतं. आमची साडेचार तासांची ड्राइव्ह. बे सिटी मागे पडली की झाडी दाट होते आणि बर्फ भुरभुरायला लागतो. काच धुवायचं पाणी भरून घ्या, रस्त्यावरच्या मिठाने काच अर्ध्या तासात पांढरी होते. एका पंपावर कॉफी घेतली. मी मोजायला तोंड उघडलं, प्रशांतने बघितलं, मी तोंड मिटलं.

कॉन्डो किचनवाला घेतला होता, चार कुटुंबांना परवडतो. लिफ्टची तिकिटं आधीच ऑनलाइन घ्या, खिडकीवर माणशी शंभर डॉलरच्या आसपास जातात. स्की-बूट आम्ही ट्रॉयहूनच सीझनभरासाठी भाड्याने घेतले होते, रांग वाचते. डोंगर म्हणाल तर कोलोरॅडोवाले हसतील एवढाच. पण माझ्यासाठी पुरेसा होता.

पहिला दिवस हिरव्या रनवर, म्हणजे सगळ्यात सोप्या उतारावर घालवायचं ठरलं. पहिल्या दोन फेऱ्या झकास. तिसरीला मागून कुणीतरी ओरडलं, "ऑन युवर लेफ्ट!" म्हणजे, तुझ्या डावीकडून येतोय. झालं. मी मान वळवून मागे बघितलं. स्कीइंगमध्ये मान जिकडे जाते तिकडे खांदे जातात, आणि खांद्यांमागे बाकीची बाई जाते. मी थेट कडेच्या नारिंगी जाळीत. एक स्की निघून वीस फूट खाली गेली. ओरडणारा माणूस केव्हाच सुखरूप निघून गेला होता. त्याला माझ्या बघण्याची काही गरजच नव्हती.

दुपारी लॉजमध्ये बघते तर रंजना टेबल धरून बसलेली, समोर अकरा बॅगा.

"लॉकर होते ना?"

"अगं, सवय," ती ओशाळून म्हणाली. "जाळीत पडलीस म्हणे?"

बातमी माझ्याआधी पोहोचली होती.

रविवारी सकाळी मी तर्री पोहे केले. डोळ्यांत पाणी येईल अशी तर्री, म्हटलं आज पोटात आग हवी. मैत्रेयी ताटलीत बघत म्हणाली, "यू डोन्ट हॅव टु डू इट, आई."

मला राग आला. तिला माझी काळजी वाटत होती की पुन्हा लाज वाटायची भीती होती, ते कळेना, आणि विचारायची हिंमत होईना.

"मला करायचंय," मी म्हटलं. आवाज जरा जास्तच चढला.

"ओके," ती म्हणाली आणि उठून हेल्मेट शोधायला गेली.

अकराच्या सुमारास मी आणि प्रशांत त्याच लिफ्टने वर गेलो. निळी रन, मधल्या अवघडपणाची. वरच्या केबिनमधल्या पोऱ्याने विचारलं, "फर्स्ट टाइम?"

"सेकंड," मी म्हटलं.

खाली बघितलं. उतार गेल्या वर्षीइतकाच सरळ होता, कुणी काही कमी करून ठेवलं नव्हतं. बाजूने रिकाम्या खुर्च्या एकामागून एक खाली चालल्या होत्या. खोटं कशाला बोलू, मी त्यांच्याकडे बघितलं. नुसतं त्या पोऱ्याला सांगितलं की झालं असतं. मला आतल्या आत रडू येत होतं.

"तू पुढे हो, मी मागून येतो. पडलीस तर—" प्रशांत म्हणाला.

"नाही. तू आधी जा."

"अगं, पण..."

"तू मागे असलास ना, तर मी मागे बघणार. जा तू. खाली भेट."

तो गेला. दोन वळणांवर दिसला, मग उंचवट्याआड गेला. आता मोजायला माझं असं कुणी उरलं नव्हतं. मी वर बघितलं, रस्ता मोकळा होता. नडगी बुटावर दाबली आणि निघाले.

पहिलं वळण वाईट झालं. दुसरं त्याहून वाईट, कंबर मागे गेली आणि स्की पळायला लागल्या. "पुढे, पुढे, पुढे," मी मोठ्याने म्हणत होते, मराठीत, कुणी ऐकलं असेल तर ऐको. तिसऱ्या वळणाला बाहेरच्या पायाने पकड घेतली. खाली बर्फाचा कडक, चकचकीत पट्टा लागला, स्की खडखडल्या. मागून खरखर आवाज आला, कुणीतरी जोरात येत होतं. माझी मान वळायला निघाली होती. पण मी प्रशांत ज्या उंचवट्याआड गेला तिथे डोळे रोवले आणि मनात म्हटलं, सांभाळ बाबा, तू मागे आहेस. तो उजवीकडून सूंकन निघून गेला. वाट मी दिली नव्हती, त्याने त्याची शोधली.

मग जरा लय लागली. डावीकडे वळ, श्वास, उजवीकडे वळ, श्वास. त्या ठिकाणी रन लिफ्टच्या खालून जाते. वरून कुणीतरी ओरडलं, "आईऽऽ!" मला वाटलं, भास आहे. आमच्या ग्रुपमध्येच आईला आई म्हणणारी सात पोरं आहेत, त्यातलं कुणीही असेल. मी वर बघितलं नाही. बघितलं असतं तर आडवीच झाले असते.

तळाला पोहोचले आणि थांबताना मी प्रशांतलाच धडकले. आम्ही दोघं पडलो. तो हसत होता, मी रडत होते. पण हे खाली आल्यावरचं पडणं होतं, धरू नका.

त्या दिवशी मी आणखी तीनदा वर गेले आणि एकदा नीट आपटले. जेवण गाडीची डिकी उघडून केलं. रंजनाने टेबल धरलं नव्हतं, चक्क लहान मुलांच्या उतारावर गेली होती. सांबारवड्या, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीच्या वड्या, दगड झाल्या होत्या, त्या डॅशबोर्डच्या हीटरवर ठेवून खाल्ल्या. अशा लागल्या, काय सांगू!

सोमवारी दुपारी घरी पोहोचलो. निघताना गाड्यांपाशी कुणीच मोजलं नाही, सगळे बरोबर आले. थर्मास तेवढा लॉजमध्ये राहिला. गुडघे बोलत होते, उजव्या मांडीवर ताटलीएवढा काळानिळा डाग. या ट्रिपने काय दिलं याचा मी विचार करत कपडे मशीनला लावत होते, तेवढ्यात फोन वाजला. वरच्या खोलीतून मैत्रेयीने व्हॉट्सअॅपवर एक व्हिडिओ पाठवला होता. सोबत एक शब्द नाही.

आधी नुसते लटकणारे बूट आणि खाली पांढरं. मग माझं नारिंगी जॅकेट. शेजारी बसलेली कुणी अनोळखी मुलगी विचारते, "हू इज दॅट?"

"दॅट्स माय मॉम," मैत्रेयी म्हणते. आणि मग कानठळ्या बसतील अशी हाक, "आईऽऽ!"

मी तो व्हिडिओ तिथेच, मशीनला टेकून, अकरा वेळा बघितला. दहा वेळा आवाजासाठी. अकराव्या वेळी आवाज बंद केला आणि नीट बघितलं. कंबर अजून मागेच जाते. गुरुवारी लिंडाला दाखवायचंय.