मायच्या टाचेवरचा डाग

ज्या देवाला भेटायला मध्यस्थ लागतो तो देव मला नको, असं मी विशीच्या आतच छापून मोकळा झालो होतो. वाशीमच्या वेशीबाहेर आमचा भाजीचा मळा. मामा अमरावतीहून सुधारणेची पत्रकं आणायचे, आणि वाफ्यांत पाणी सोडता सोडता मी ती मायला मोठ्यानं वाचून दाखवायचो. अंगारा, उतारा, अंगात येणं यांच्यावर माझा तेव्हा राग होता, आजही आहे. माझी सारी भिस्त औषधावर. म्हणून मायच्या पायापाशी औषधच हरलं, तेव्हा माझ्या हाताला धरायला काही उरलं नाही.

मायच्या डाव्या टाचेत बाभळीचा काटा रुतला होता. आमच्याकडे काटा काढला की बिबा विस्तवावर तापवून त्याचं तेल त्या जागी लावतात. डाग काळाभोर पडतो आणि पुढे कातडीबरोबर निघून जातो. मायचा डाग निघाला नाही. पण शेतात राबणाऱ्याच्या पायावर काळा डाग दिसला तर तो बिब्याचाच, याबद्दल आमच्या मुलखात कोणी दुसरा विचार करत नाही. टाच चिघळली तेव्हा वैद्य म्हणाले, बिबा उतला, तीळ-खोबऱ्याचा लेप द्या. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, काय लावलं होतं? माय म्हणाली, बिबा. त्यांनी गावठी उपायांवर मला एक व्याख्यान ऐकवलं, जे मी स्वतः गावात देत असे, आणि टिंक्चर लावून पट्टी बांधली. अकोल्याच्या एका डॉक्टरांना महारोगाची शंका आली. शंकाच ती, पण आम्ही घरी पोचायच्या आधी बाजारात पोचली.

पुढच्या आठवडी बाजारात शेजारच्या बायांनी आपल्या टोपल्या दूर सरकवल्या. एकजण म्हणाली, "त्या पायानं काहून आली वं बाजारात? घरीच राह्यची ना." मायनं वांग्यांवर पाणी शिंपडलं. म्हणाली, "वांगे मी हातानं तोडतो बाई, पायानं नाही. घ्यायचे असन त घे, नाही त सावली सोड." ती दिवसभर आपल्या जागेवर बसून राहिली. टोपली अर्धी परत आली. पण उठून जाताना ती लंगडली नाही, आणि तिला किती दुखत होतं ते मला ठाऊक होतं.

चैत्रात तिनं पोहरादेवीच्या यात्रेला जायचं काढलं. मी भांडलो. नवस बोललीस का, म्हणून टोचून विचारलं. ती म्हणाली, "नवस कायचा? देवी का दुकानदार हाये? भेटाले जातो." मी बंडी जुंपली, कारण मी नेलं नसतं तर ती चालत निघाली असती. शेवटच्या कोसावर ती उतरलीच आणि अनवाणी चालू लागली. मी बैलांचा कासरा धरून मागे. खरं सांगतो, त्या वाटेवर मी देवीला काहीच मागितलं नाही. एवढंच म्हटलं की मला आता काही सुचत नाही.

यात्रेच्या अलीकडे एका आमराईत एक शेतकरी कुटुंब चालत येणाऱ्यांचे पाय धुऊन पुढे पाठवत असे; त्यांच्या घराण्याची ती रीतच होती. त्या वर्षी म्हातारे मालक आजारी, म्हणून मुंबईहून आलेला त्यांचा मुलगा घंगाळ घेऊन बसला होता. चष्मा लावलेला, धोतराचा काचा मारलेला, चाळिशीचा माणूस. त्यानं मायचा डावा पाय हातात घेतला, आणि धुऊन झाला तरी सोडेना. माय म्हणाली, "पुरे कर बाप्पा. सारी माती धुतली त मी माळीण कायची?" तो हसला नाही. विचारलं, "माय, हा डाग कायचा?"

"बिब्याचा."

"कधी लावला?"

"मागच्या मिरगाच्या आधी."

त्यानं अंगठ्यानं डागाची कड चाचपली, मग माझ्याकडे वळून सांगितलं की एवढे महिने बिबा टिकत नाही. तो मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात कर्करोगाचाच डॉक्टर होता. सुट्टी संपताच तो आम्हाला आपल्याबरोबर घेऊन गेला.

तिथं डागाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. कातडीच्या काळ्या रंगातून उठणारा कर्करोग. फार थोड्यांना होतो, आणि त्यांचाही बराच काळ काटा, कुरूप नाहीतर डाग समजून वाया जातो, असं डॉक्टर म्हणाले. गुडघ्याखाली पाय कापायचा, जांघेतल्या गाठीही काढायच्या. मी हुज्जत घातली. टाचेपुरतं कापा, म्हटलं. माय वाफ्यात कशी उभी राहील? खाटेवरून मायच बोलली, "पोरा, जन्मभर मेथीच्या जुडीचा भाव केला मी. इथं भाव नाही करत." मग डॉक्टरांना म्हणाली, "काप बाप्पा, लागन तेवढा. राह्यलं ते देवीचं."

त्या क्षणी मला समर्पण कळलं. ते हात टेकणं नव्हे. सगळे उपाय करून, मुंबईपर्यंत येऊन, शेवटी भाव न करता देऊन टाकणं, आणि ते ताठ मानेनं. त्या आमराईत तो माणूस त्याच वर्षी का बसला होता, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. चमत्कार म्हणणाऱ्यांशी एरवी मी तासभर वाद घातला असता. इथं घालत नाही. माय म्हणते, देवीनं माझे पाय धुतले. देवीच्या आणि तिच्या मध्ये पुजारी नव्हता एवढं तर मीही पाहिलं, आणि तेवढ्यासाठी मी रोज हात जोडतो.

रोग गेला, असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत. ठरल्या वेळी मुंबईला जावं लागतं, जांघ चाचपून पाहतात. मागच्या खेपेला त्यांनी विचारलं, "माय, भेव वाटते का?" ती म्हणाली, "वाटते ना. पण भेवापायी मेथी पेराची थांबते का कोणी?"

आता ती फळकुटावर बसून वाफा खुरपते आणि कुबडी घेऊन बाजारात आपल्या जुन्या जागी बसते. माझ्या लिखाणानं चिडलेले लोक मला नावानं हाक मारत नाहीत. "लंगडीचा पोरगा" म्हणतात. मी ओ देतो.