माझ्या नावानं वाचलेलं पत्र

“माझ्या आईनं दारूच्या एका घड्यापायी मला विकायला काढलं होतं.”

हे वाक्य माझ्या नावानं वाचलं गेलं. मी तिथंच उभा होतो. सगळ्यांसमोर, हात जोडून.

नंदुरबारला एका जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात मांडव घातला होता. कापसाचा हंगाम सरलेला, यंत्रं बंद. गरीब विद्यार्थ्यांसाठी गावातल्या व्यापारी मंडळींनी एक निधी काढला होता, त्याची वार्षिक सभा होती. त्या निधीवर कॉलेज शिकणारे आम्ही चौघं. पण डोंगरातला, भिल्ल, मी एकटाच. म्हणून पुढं मलाच उभं केलेलं. सकाळीच माझ्या शाळेच्या गुरुजींनी बजावलं होतं, “कोट घालू नकोस. तो बाहीला फाटलेला सदरा घाल.” का ते मी विचारलं नाही. गुरुजी सांगतील ते करायची तेरा वर्षांची सवय.

पत्र वाचत होते ते गुरुजीच. निधीचे चिटणीस तेच होते. आवाज कापरा केलेला. “मी सात वर्षांचा असताना आई नशेत मला बाजारात घेऊन आली. गुरुजींनी मला सोडवलं. नाहीतर आज मी रानात जनावरासारखा हिंडत असतो.”

पत्र मी लिहिलं होतं हे खरं. नियमच होता तसा. निधीची मदत हवी तर मॅट्रिक पास पाहिजे, वर्तणुकीचा दाखला पाहिजे, आणि दर सत्राला एक पत्र पाहिजे. प्रगती आणि पूर्वस्थिती. मी लिहिलं होतं की इंटरचा अभ्यास चालू आहे, इतिहास आवडतो, खाणावळीत माझं ताट दाराबाहेर मांडतात. आईबद्दल एकच ओळ होती. ‘आई असती तर तिला बरं वाटलं असतं.’

ती ओळ वाचली गेली नाही.

लोक हळहळले. पुढच्या रांगेतले म्हातारे शेठ डोळे पुसत उठले. निधीत सगळ्यात मोठा वाटा त्यांचा. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “बेटा, माय शे ती. माफ करी दे तिले.”

ते खोटं रडत नव्हते. मनापासून रडत होते. म्हणूनच ते जास्त लागलं.

आणि मी काय केलं? मान हलवली. हो म्हटल्यासारखी.

मांडवाच्या टोकाला, जिथं लोकांनी जोडे काढले होते, तिथं माझा बाप उकिडवा बसला होता. गुरुजींनीच निरोप धाडला होता, बापाला आण, लोकांना बघू दे. मोलगीच्याही वरून, दोन दिवस चालून तो आला होता. गुरुजींसाठी पानाच्या पुड्यात चारोळी घेऊन. त्याला शाळेची मराठी कळत नव्हती. पण दारू हा शब्द कळतो. विकणं कळतं.

सभा सुटली. बाहेर आल्यावर त्यानं आमच्या बोलीत विचारलं, “तुझ्या याहाचं काय सांगत होते?” आमच्याकडे आईला याहा म्हणतात.

“काही नाही. कौतुक केलं.”

“मग तो शेठ रडला का?”

तेवढ्यात जोड्यांच्या राखणीला बसलेला माणूस बापाकडे बघून म्हणाला, “कारे, तुन्ही बायको पोऱ्याले इकी ऱ्हायनी व्हती म्हने. तवय तू कोठे व्हता?”

अहिराणी बापाला कळत होती. बाजारात तीच बोलावी लागते. चारोळीचा पुडा त्याच्या हातातच होता. स्टेशनच्या रस्त्याला लागेपर्यंत तो माझ्या पुढं चालत राहिला. मग थांबला.

“तो कागद तू लिहिला?”

“नाही.”

“मग उभा का राहिलास?”

बाप डोंगराच्या वाटेला लागला. मी सोबत येतो म्हटलं, तर म्हणाला, “तू शीक.” मागं वळून बघितलं नाही.

आता आईचं खरं सांगतो.

मी सात वर्षांचा होतो. डोंगराच्या पायथ्याला गुरुजींनी शाळा काढली असं आईनं बाजारात ऐकलं. अंगावर खरूज भरलेला मी, तापानं फणफणलेला. तिनं मला पाठीला बांधलं आणि खाली उतरली. शाळेतल्या लोकांनी सांगितलं, खरूज बरी होईस्तोवर आत घेणार नाही. ती परत गेली नाही. शाळेसमोरच्या महूच्या, म्हणजे मोहाच्या, झाडाखाली राहिली. महिनाभर. गावात दळणं दळली, मला निंबाच्या पाल्यानं न्हाऊ घातलं. दारू आमच्या घरात होती. सणाला, लग्नाला, देवाला असते. पण त्या महिनाभरात तिनं पाण्याशिवाय काही तोंडाला लावलं नाही. हे मला माहीत आहे. मी तिच्या मांडीवर होतो.

गुरुजींनाही माहीत होतं. त्या महिन्यात एकदा त्यांनी तिच्या हातची भाकर खाल्ली होती. चारचौघांत, झाडाखाली बसून. त्यापायी त्यांच्या जातवाल्यांनी त्यांना पंगतीत घेणं बंद केलं. असा माणूस. मी इंग्रजी चौथीत असताना आई गेली, तेव्हा मला पोटाशी धरून बसला तो हाच माणूस. म्हणूनच मला वाटलं, काहीतरी चूक झाली असेल. दुसऱ्याच कोणाचं पत्र माझ्या नावावर वाचलं गेलं असेल.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. नेहमीसारखं ओटीवर बसलो.

“गुरुजी, ते पत्र माझं नव्हतं.”

“तुझंच होतं. मी जरा नीट केलं.”

“आईनं मला विकायला काढलं नव्हतं. तुम्ही बघितलंय.”

ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “अरे, खाणावळीत ताट बाहेर मांडतात हे वाचलं असतं तर त्यातले निम्मे उठून गेले असते. त्यांच्याही घरी तेच चालतं. ज्यानं त्यांना लाज वाटेल त्याला ते पैसा देत नाहीत. ज्याची दया येईल त्याला देतात. तुझी आई आता या जगात नाही. तिला काय लागणार? तुला शिकायचंय ना?”

मग त्यांनी आतून एक कागद आणला. पुढच्या सत्राचं पत्र. लिहून तयार. त्यात बाप होता. तो मला मारायचा, असं.

“सही कर आणि जा.”

मी विचारलं, “सरकारी शिष्यवृत्ती मिळणार नाही का? डोंगरी जातींसाठी असते ती?”

“किती वेळा सांगू? ती इंग्रजी मुलखातल्या पोरांना. तुझं गाव संस्थानात. तू तिथं बसत नाहीस.”

हे ते मॅट्रिकपासून सांगत आले होते. मी कधी पडताळून पाहिलं नव्हतं. गुरुजींनी सांगितलं म्हणजे झालं. माझ्यापुढं दुसऱ्या वाटाही नव्हत्या. कॉलेजात नादारी, म्हणजे फीमाफी, होती, ती निम्म्या फीची. गरीब बामणाची पोरं वार लावून जेवायची, आज याच्या घरी, उद्या त्याच्या. मला वार कोण लावणार? म्हणून निधी. निधी म्हणजे गुरुजी.

कागद मी तसाच ठेवला. सही केली नाही, नाहीही म्हटलं नाही. विचार करतो म्हणालो. उठलो आणि धुळ्याला गेलो.

शिक्षणखात्याच्या कचेरीत दोन दिवस बाहेरच्या बाकावर काढले. तिसऱ्या दिवशी एका कारकुनानं आत बोलावलं. माणूस त्रासलेला, पण सरळ होता. नियमांचं पुस्तक माझ्यापुढं टाकलं. “वाचता येतं ना? वाच.”

मी वाचलं. पुन्हा वाचलं. जात डोंगरी पाहिजे. मॅट्रिक पास पाहिजे. जिल्ह्यातलं कुठलंही गाव चालेल. संस्थानांतली गावं धरून. तसं छापलेलंच होतं.

“मग मी बसतो यात?”

“बसतोस की. पण तुझा अर्ज आलेला नाही.” त्यानं फडताळातून फाईल काढली, चाळली, थांबला. “उलट हे आहे. तुझ्या शाळेनं कळवलंय. सदर विद्यार्थ्याची सोय खासगी मदतीतून झाली आहे, सबब सरकारी शिष्यवृत्तीची गरज नाही.”

खाली सही गुरुजींची. ते अक्षर मी झोपेतही ओळखलं असतं. त्या अक्षरावरून अक्षर गिरवूनच मी लिहायला शिकलो.

मला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली असती तर कोणाला पत्र लिहावं लागलं नसतं. कोणासमोर उभं राहावं लागलं नसतं. आणि मग सभेत दाखवायला निधीकडे भिल्ल कुठून आला असता? शेठ कोणासाठी रडले असते? मला दोन वर्षं हातात धरून ठेवलं होतं. दाखवायला.

कारकून म्हणाला, “अजून आठ दिवस आहेत मुदतीला. बाकी सगळं होईल. फक्त वर्तणुकीचा दाखला आण. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकाचा.”

म्हणजे गुरुजींचाच.

मी परत आलो. गुरुजी ओटीवरच होते. पुढ्यात तोच कागद, दौत, टाक. मी धुळ्याला गेलो हे त्यांना कळलं होतं. चेहऱ्यावर राग नव्हता. थकवा होता. मला ते अजून आठवतं.

“दाखला देतो,” ते म्हणाले. “आधी या पत्रावर सही कर. निधी तुझ्या जिवावर चालतो. तुझ्यामागून अजून चार पोरं शिकतील. त्यांचा विचार कर.”

“त्यांच्या आयांचं काय लिहिणार?”

त्यांनी टाक माझ्यापुढं सरकवला.

मी टाक उचलला. त्या पत्रावर, बापाच्या मारहाणीवर, आडवी रेघ मारली. मग आणखी एक. सगळा कागद संपेपर्यंत. शाई ओटीच्या सारवलेल्या भुईवर सांडली.

“गुरुजी, तुम्ही मला अक्षर दिलं. ते मी विसरणार नाही. पण माझी आई मी तुम्हाला दिली नव्हती.”

दाखला मिळाला नाही. मुदत गेली. निधीनं कळवलं, उर्मट वर्तनामुळे मदत बंद. इंटरनंतर माझं नाव कॉलेजच्या पटावरून गेलं. शेठना मी खरं पत्र लिहिलं, आईचं, महूच्या झाडाखालचं. उत्तर आलं नाही. पुढल्या वर्षी मी कॉलेजच्या प्रिन्सिपलांचा दाखला जोडून सरकारी अर्ज केला. तसंही चालतं, हे मी तोवर स्वतः वाचलं होतं. उत्तर आलं. शिक्षणात खंड पडल्यामुळे अपात्र.

बी. ए. झालो नाही. होणार नाही.

बापाला मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. बराच वेळ कुऱ्हाडीला दांडा बसवत राहिला. मग म्हणाला, “तिथंच बोलायला पाहिजे होतं.” बरोबर बोलला. त्या मांडवात मी मान हलवली होती. ते कोणी माझ्याकडून करवून घेतलं नव्हतं. ते माझं आहे.

नियमांचं पुस्तक मी हातानं उतरवून आणलं. पान न् पान. मोलगीच्या बाजाराला जो बाप पोराला किंवा पोरीला शाळेत घालायचं म्हणतो, त्याला मी आमच्या बोलीत वाचून दाखवतो. कुठं बसतो, कुठं बसत नाही, मुदत कधी, दाखला कोणाकोणाचा चालतो. अर्ज त्याच्यासमोर भरतो. त्याचा अंगठा घेण्याआधी लिहिलेलं सगळं त्याला परत ऐकवतो.

गेल्या महिन्यात निधीचा माणूस वर आला होता. हुशार पोरं दे म्हणाला. सोबत छापील फॉर्म. त्यात रकाना होता, पूर्वस्थिती. मी त्याला सांगितलं, पोरं आहेत. मार्क बघा, परीक्षा घ्या, घरची जमीन मोजा. बसत असतील तर द्या, नसतील तर नाही म्हणा. हा रकाना आमच्या डोंगरातलं कोणी भरणार नाही.

तो म्हणाला, “मग मदत मिळणार नाही.”

मी म्हणालो, “नको.”