कोयता बांधावर

आत्याच्या वरकस रानात पाऊल टाकण्याआधी हातातला कोयता बांधावर ठेवावा लागे. दीर असो की गावचा पुढारी, ती तिथंच अडवायची. मी मंचरच्या वाचनालयात आयुष्य काढलेला माणूस. एकदा माझ्याही पिशवीत डोकावली. "पुस्तकंच हायेत? मग ये."

शिनोलीच्या वर डोंगरउतारावर ही जमीन. तिथं नाचणी-वरई पिकायची. मग पावसाने ताळतंत्र सोडलं. महिनाभर ओढ द्यायचा आणि दोन दिवसांत सगळा कोसळायचा. एका वर्षी नाचणीसकट माती ओढ्याला गेली. आत्या उघड्या खडकावर बसून म्हणाली, "पाऊस बदलला, तर आपुन बी बदलू. रडत कोण बसतंय!" त्याच वर्षी तिने हिरडा, ऐन, आंबा लावला, कडेने बांबू.

भांडण झालं ते झाडं वाढल्यावर, राबावरून. भाताचं रोप टाकण्याआधी तण मरावं म्हणून वाफ्यावर झाडांच्या फांद्या पसरून जाळायच्या, हा आमच्याकडचा राब. त्यापायी दरवर्षी ऐन बोडके होत. आत्याने एक फांदी दिली नाही. पहिल्या वर्षी तिचं रोप तणात गुदमरलं. तिचे दीर चारचौघांत हसले.

"वयनी, आता ऐनाच्या पानांचा भात शिजवायचा का?"

"शिजवीन. तुमी जेवायला या, भावजी. येताना कोयता तेवढा घरी ठेवा."

पुढच्या वर्षी तिने शेणखत घातलं, तण हाताने काढलं. त्यात गुडघे गेले, हट्ट गेला नाही.

काही वर्षांनी एका पावसात भावजींचा शेजारचा उतार खरवडून निघाला. आत्याचा जागचा हलला नाही. तिने ऐनाची दहा रोपं त्यांच्या दारात ठेवली. "लावा, न्हाईतर राबाला जाळा." त्यांनी पुढे काय केलं, ते तिने विचारलं नाही.

तिला घोर एकच. मूलबाळ नव्हतं, तिच्यामागे जमीन भावजींकडे जाणार होती. "मी हाय तवर कुणाची टाप न्हाई. पण गेल्यावर माझ्याच सरणासाठी पहिली कुऱ्हाड चालवतील. तसं झालं तर उठून बसंन, सांगून ठेवते."

ती गेली. गेलेल्याच्या रानातलं झाड त्याच्या सरणाला, ही आमची रीत. चौघे कुऱ्हाडी घेऊन चढले. मागून मी होतो. बांधाशी भावजी आडवे उभे होते.

"खाली ठेवा."

"मग सरण?" एकाने विचारलं.

"शिनोलीतनं लाकडाचा टेम्पो आणा. ती उठून बसली, तर तुमी समजावणार व्हय तिला?"

कुऱ्हाडी बांधावर ओळीने राहिल्या. भावजी एकटेच आत गेले, रिकाम्या हातांनी. परतले तेव्हा मुठीत हिरड्याची एक वाळकी काटकी होती, आपणहून पडलेली. तिच्या रानातलं तेवढंच सरणावर गेलं.