तांबड्या अंगठ्याचं पान

कपाट आवरताना पटकथेचं ते पान हाती लागलं. कोपऱ्यावर तांबड्या मातीचा अंगठा अजून तसाच आहे. शिवाजी पेठेत सरांच्या माडीवर आम्ही दोघं लिहीत होतो. सर मुरलेले पटकथाकार, माझा पहिलाच सिनेमा. शेजारच्या तालमीत मेलेल्या पैलवानाचा, सगळ्यांनी दाबून टाकलेला प्रसंग मी एकट्यानं लिहिला होता. सुगावा लागताच वस्ताद आखाड्यातून तसेच वर आले. तेलामातीच्या वासानं खोली भरली. पान उचलून ते गरजले, "ह्ये कुणी लिवलंय?" सरांनी चष्मा काढून शांतपणे खिशात ठेवला. "म्या लिवलंय की. बोला." थप्पड खाडकन बसली. पुढं सिनेमा गाजला, प्रसंग सरांच्याच नावावर राहिला. परवा त्यांच्या शोकसभेत सगळे त्याच प्रसंगाचं कौतुक करत होते, आणि मी मान डोलावत होतो.